शिक्का न बसलेली तिकिटं

आमच्या घरात खळ अजून होते. मैदा पाण्यात कालवायचा, पातेलं मंद आचेवर ठेवायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. आई सांगते, पिंपरीला असताना शेवटी त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे भिंतीवरच्या पोस्टरला झुरळं तोंड लावत नसत. इथे परदेशात, माउंट रॉस्किलमधल्या आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला साधा खिळा मारायचा तरी एजंटची परवानगी लागते, पोस्टर तर लांबच राहिलं. तरी खळ होते. फाटक्या पुस्तकाची पाठ, बाबांच्या फायलींचे कोपरे, महिन्यातून एकदा आम्ही विहार म्हणून भाड्याने घेतो त्या हॉलमधल्या वंदनेच्या पुस्तिका, सगळं आई खळीनंच चिकटवते. इथल्या गोंदाच्या कांड्यांवर तिचा विश्वास नाही.

लग्नाआधी ती आणि बाबा एकाच गटात होते. बाबा पत्रकांचा मजकूर लिहायचे आणि आई ती चिकटवायची. ही वाटणी कोणी केली, यावरून आमच्याकडे अजून वाद होतो. इथे येताना बॅगेत कपड्यांच्या मधोमध त्या पत्रकांचा आणि पातळ पुस्तिकांचा गठ्ठा आला. हुंड्याविरुद्ध, भोंदूंविरुद्ध, कंत्राटी कामगारांच्या पगाराबद्दल, पाणवठ्यांबद्दल. मी तेव्हा दुसरीत होते. शाळा इंग्रजी झाली, आणि मराठी वाचायला मी त्या गठ्ठ्यातून शिकले. मला ‘परी’च्या आधी ‘पिळवणूक’ वाचता यायला लागलं. अजूनही मला कोणाला साधा निरोप लिहायचा असला तरी आत कुठेतरी ‘बंधू-भगिनींनो’ तयार असतं.

त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकाखाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक नाव असायचं. बाबांनी त्याचा अर्थ मला लहानपणीच सांगितला होता. “ज्याचं नाव खाली, त्याला पोलीस बोलावतात. मजकूर कोणी का लिहिला असेना.” एकदा गटातल्या कोणीतरी एका पत्रकात नको ते वाक्य घातलं, बाबांनी न वाचताच छापायला दिलं, आणि चौकीत बाबा जाऊन बसले. वाक्य कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. “खाली नाव माझं होतं,” एवढंच. ही गोष्ट मी शाळेतल्या भाषणात, कॉलेजच्या अर्जात, मैत्रिणींसमोर, इतक्या वेळा सांगितली आहे की ती माझीच वाटायला लागली होती.

मागच्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या काचेवर एक कागद लागला. दुकानात मागच्या बाजूला पोस्टाचा छोटा काउंटर होता, तो बंद होणार होता. बाजूच्या डेअरीवाल्यानं, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्यानं, खांदे उडवले. “पत्रं लिहितंय कोण आता?” मी म्हटलं, जे लिहितात त्यांना विचारलंय का कोणी? काउंटरसमोरच्या रांगेत मी रोज बघत होते ना. काठी टेकत येणारी माणसं, टोंगा-सामोआला खोकी पाठवणाऱ्या आज्या, ज्यांना ऑनलाइन काही भरता येत नाही असे आमच्या विहारातले दोन काका. टपाल वाटपाचे दिवस कमी झाले, लाल पेट्या उचलल्या, दर दरवर्षी वाढवले, आणि वर म्हणायचं लोक पत्रंच पाठवत नाहीत! मी भडकले. भडकल्यावर आमच्या घरात जे करतात ते मी केलं. पत्रक लिहिलं, आणि सभा बोलवायचं ठरवलं.

दुकानदाराच्या परवानगीनं काउंटरवर एक वही ठेवली होती. ज्यांना सभेचं निमंत्रण हवं त्यांनी आपणहून पत्ते लिहिले. बाबा म्हणाले, “चालत जाऊन पेट्यांत टाक की. पाय आहेत ना?”

“अर्ध्या पेट्यांवर ‘जाहिराती नकोत’ची पट्टी आहे, बाबा. आणि पोस्ट वाचवायचं पत्रक पोस्टानंच गेलं पाहिजे.”

“मुद्दा बरोबर आहे,” बाबा म्हणाले. मुद्दा बरोबर असला की ते पुढे बोलत नाहीत.

पण नेमके तेव्हाच दर पुन्हा वाढले होते, आणि मी कॅफेत अर्धवेळ काम करते. टेबलावर पाकिटं पसरून मी चिडचिड करत बसले होते. आई चपात्या लाटता लाटता ऐकत होती. हात धुऊन ती आत गेली आणि आइसक्रीमचा रिकामा डबा घेऊन आली. आमच्याकडे त्या डब्यांतून काहीही निघतं, डाळीपासून सुयांपर्यंत. या डब्यात तिकिटं होती.

“घे. आकडा नसलेली आहेत सगळी.”

आकडा नसलेली म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पोस्टाची काही तिकिटं अशी असतात की त्यांच्यावर किंमत छापलेलीच नसते. ज्या दिवशी घेतली त्या दिवशीचा दर तुम्ही भरता, आणि मग ते तिकीट देशातल्या देशात एक साधं पत्र पोचवायला बांधील असतं. नंतर दर कितीही वाढो. आकडा छापलेलं तिकीट दर वाढला की तोकडं पडतं, शेजारी अजून एक लावून भर घालावी लागते. बिनआकड्याचं तसं नाही. पक्षी असो, फर्न असो, जुन्या वर्षातलं असो की कालचं, एक तिकीट म्हणजे एक पत्र.

मी तो डबा हातात घेतला आणि अक्षरशः हरखले. तिकिटांचे नमुने वेगवेगळे होते, काही तर मी शाळेत असतानाचे. मला वाटलं, आईनं वर्षानुवर्षं, दर वाढायच्या आधी, थोडी थोडी घेऊन ठेवली असणार. तिचा स्वभावच तो. तूरडाळ स्वस्त झाली की ती दोन पिशव्या आणते. मी विचारलं नाही. ती सांगायला लागली होती बहुतेक, “अगं, ती मी दुकानातून...” पण मी तोवर लॅपटॉप ओढला होता. पत्रकाचा सगळा मजकूर मी तिथल्या तिथे बदलला. ‘या तिकिटावर किंमत नाही, शब्द आहे,’ असं पहिलं वाक्य केलं. पोस्टानं नागरिकाला दिलेला शब्द. पैशाची किंमत घसरेल, सरकारं बदलतील, पण तुमचं पत्र आम्ही पोचवू. मग काउंटर बंद करणारे तो शब्द कसा मोडतात, वगैरे. अजून वाचलं तर लेख वाईट नाही. खाली माझं नाव.

त्या संध्याकाळी आईनं खळ केली. मी पत्ते घातले, तिनं तिकिटं चिकटवली. मी विचारलं, यांच्या मागे गोंद असतो, मग खळ कशाला? ती म्हणाली, “जुनी आहेत. धरत नाहीत.” मला ते पटलं. मला तेव्हा सगळंच पटत होतं.

आता दुकानाबद्दल सांगायला हवं. आई दर गुरुवारी बसनं अवोन्डेलला जाते. तिथे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणारं एक दुकान आहे, इथे त्याला ऑप शॉप म्हणतात. पैसे आजारी माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेला जातात. सगळ्या बाया फुकट काम करतात. पुण्यात आई एका ऑफिसात हिशेब बघायची. इथे आल्यावर तिला कोणी तसं काम दिलं नाही, मग माझी शाळा, मग बाबांच्या बदल्या, आणि मग तिचं इंग्रजी घरातल्या घरात गंजून गेलं. ऑप शॉपमध्ये तिला एप्रन मिळाला, छातीवर नावाची पट्टी मिळाली आणि मागच्या खोलीतल्या एका टेबलाशी खुर्ची मिळाली. त्या टेबलावर वापरलेल्या तिकिटांचं काम चालतं. लोक पाकिटांचे कोपरे कापून पिशव्या भरून आणून देतात. ते नीट कातरायचे, निवडायचे आणि संग्राहकांना वजनावर विकायचे.

टेबल सांभाळणारी बाई सत्तरीच्या पुढची गोरी बाई आहे. आई तिला आमच्यात ‘मोठ्या बाई’ म्हणते. मोठ्या बाई स्कोन नावाचे इथले छोटे गोडसर पाव आणतात, आई शंकरपाळे नेते. मोठ्या बाईंनी स्वतःची बारीक टोकाची कात्री आईला दिली आहे आणि दुसऱ्या कोणाला त्या ती देत नाहीत, हे आई आम्हाला महिन्यातून एकदा तरी सांगते. या देशात तिला तिच्या नावानं हाक मारून जागा धरून ठेवणारं दुसरं कोणीही नाही. वाण्याच्या दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे ती माझी आई किंवा बाबांची बायको असते.

सभा शनिवारी दुपारी होती. हॉल बऱ्यापैकी भरला. आईनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, आणि तिला मदत करायला चक्क मोठ्या बाई आल्या होत्या. मीच त्यांना निमंत्रण पाठवलं होतं. हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक मोठी खिडकी आहे, तिच्यातून त्या दोघी दिसत होत्या. मोठ्या बाई कप मांडत होत्या, आई शंकरपाळ्यांचा डबा उघडत होती.

मी बोलले. चांगलं बोलले. बिनआकड्याचं तिकीट उंच धरलं आणि म्हटलं, हा शब्द आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न घ्यायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. एवढ्या थंडीत हाफ पँट, पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता. काउंटरवरच्या वहीत पत्ता लिहिणाऱ्यांतले एक.

“किआ ओरा,” इथला माओरी नमस्कार करून ते म्हणाले. “प्रश्न नाहीये माझा. एक वस्तू दाखवायचीये. मी तिकिटं जमवतो. आयुष्यात दुसरं काही केलं नाही असं बायको म्हणायची.”

लोक हसले. त्यांनी खिशातून मी पाठवलेलं पाकीट काढलं. “तुझं भाषण आवडलं, पोरी. म्हणून हे तिकीट काढून ठेवावं म्हटलं. पाण्याला लावलं तर लगेच सुटलं. आणि याच्या पाठीला बघ काय आहे.”

ते पुढे आले. तिकिटाच्या मागे दुसऱ्याच पाकिटाचा कागद होता, तिकिटाच्या कडेबरोबर इतका बारीक कातरलेला की वरून कळणार नाही. कागदाच्या आतल्या अंगाला बँकेच्या पाकिटांना असते ती निळी जाळी छापलेली होती. आणि वास खळीचा.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कळलं नाही असं कसं म्हणू? इथली यंत्रं पुष्कळ पत्रांवर शिक्का मारायचा विसरतात. शिक्का न बसलेली तिकिटं आईनं त्या टेबलावरून वेचली होती. आकडा असलेली तिनं घेतली नसणार, ती जुन्या दराची म्हणून लगेच पकडली गेली असती. बिनआकड्याचं तिकीट मात्र कोणत्याही वर्षातलं असलं तरी आजच्या पत्राला पुरतं. ज्या गुणाचं मी माइकवरून कौतुक करत होते, त्याच गुणामुळे हे चाललं होतं.

“हे एकदा प्रवास करून आलंय,” ते गृहस्थ म्हणाले. आवाजात राग नव्हता, गंमतच जास्त होती. “पोस्ट वाचवायला निघालीस आणि पोस्टालाच गंडवतेस होय?”

“स्वीट ॲज!” मागून कोणीतरी ‘एकदम झकास’ म्हणावं तसं ओरडलं, आणि हॉल हसला. खदाखदा नाही, इथले लोक हसतात तसं, तोंड बंद ठेवून.

मी म्हणाले, “मी नाही. मला माहीत नव्हतं. माझ्या आईनं दिली ती.”

इंग्रजीत म्हणाले, माइक हातात होता. ‘माय मम’ हे शब्द हॉलच्या टोकापर्यंत गेले, आणि सगळ्या माना स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या. आईनं आधीचं काही ऐकलं नव्हतं, पाणी उकळायचं यंत्र तिच्या कानाशी फुसफुसत होतं. तिनं फक्त तिचा उल्लेख ऐकला आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहिलं. ती हसली. तिला वाटलं, मी तिचे आभार मानतेय. ओल्या हातानं तिनं हलकेच मान लवून नमस्कार केला.

तिच्या शेजारी मोठ्या बाईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पुढे ठेवलेल्या कपांकडे पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, “चहा तयार आहे हं सगळ्यांचा.”

घरी जाताना गाडीत आईला मी समजावून सांगितलं. समजावून म्हणजे, खरं तर, मी तिच्यावर तुटून पडले. सार्वजनिक सेवेची फसवणूक, माझी विश्वासार्हता, चळवळीचं नुकसान. हे शब्द मला आयते येतात.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण त्यावर शिक्का नव्हता ना.”

“म्हणून काय झालं?”

“आपल्याकडे पोस्टात बघितलं नाहीस तू. समोर धाडकन शिक्का मारायचे. काळाकुट्ट. तो बसला की तिकीट संपलं. नाही बसला तर ते संपलेलं नाही. मला वाटलं, हे लोक एवढे हुशार, ज्याला मारायचा त्याला मारत असतील. नाही मारला म्हणजे अजून चालत असेल. तूच लिहिलंस की, किंमत जात नाही म्हणून.”

“एका पत्रासाठी, आई! एका!”

“मग तसं लिहायचं होतंस.”

बाबा गाडी चालवत होते. घराच्या वळणावर सिग्नलला थांबले तेव्हा आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्रकाखाली नाव कोणाचं होतं?”

हिरवा दिवा लागला. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं.

माझं नाव होतं. तिकिटं कुठून आली हे न विचारता ती मीच वापरली होती. आई सांगत असताना ते ऐकलं नव्हतं, कारण मला माझं पहिलं वाक्य सुचलं होतं. आणि पहिला प्रश्न आला त्या क्षणी मी माइकवरून आईचं नाव पुढे केलं होतं, तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीसमोर. खळीनं चिकटवलेल्या त्या तिकिटांची मला लाज वाटली होती ती तेवढ्या संध्याकाळपुरती. आईनं ओल्या हातांनी केलेल्या त्या नमस्काराची लाज मात्र कॅफेत दूध तापवताना, बस थांब्यावर, दात घासताना मध्येच येते आणि मला मान खाली घालायला लावते.

गुरुवारी आई दुकानात गेली. मी म्हटलं, मी येते बरोबर, मी बोलते. ती म्हणाली, “तू नको बोलूस आता.” रागानं नाही. ‘पाऊस आहे, छत्री घे’ म्हणावं तसं. नेहमीसारखा शंकरपाळ्यांचा डबा तिनं घेतला.

संध्याकाळी ती आली तेव्हा डबा भरलेलाच होता.

“काही म्हणाल्या का?”

“नाही गं. काहीच नाही. गोड बोलल्या. मला कपड्यांकडे दिलंय आता. कपडे हीप्स, ढीगच्या ढीग आलेत म्हणे, माणसं कमी आहेत.”

“आणि तिकिटं?”

“तिथे दुसरी बाई बसली होती.” तिनं एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला. “कात्री तिच्याकडे होती.”

मला ओरडावंसं वाटलं. त्या सभ्यपणावर, त्या गोड बोलण्यावर, कोणीच काही न म्हणता माणसाला एका खुर्चीतून उठवायच्या या इथल्या पद्धतीवर. पत्रक लिहायला विषय उत्तम होता. पण यावेळी खाली नाव कोणाचं घालणार, हे मला ठाऊक होतं, आणि हात उचलला गेला नाही.

दोन-तीन गुरुवार असेच गेले. आई कपड्यांच्या हँगरवर पट्ट्या लावत राहिली. मग एका सकाळी तिनं माझ्यासमोर कागद ठेवला. “मोठ्या बाईंना पत्र लिहायचंय.”

मी लगेच मसुदा केला. आमच्याकडची पोस्टाची पद्धत, सांस्कृतिक फरक, स्थलांतरित बायकांचं एकटेपण. एक पूर्ण पान. तिनं वाचलं, चष्मा काढला.

“यात मी कुठे आहे?”

“सगळं तुझ्याबद्दलच आहे की.”

“माझ्याबद्दल आहे. मी नाहीये. दे इकडे.” तिनं नवा कागद घेतला आणि स्वतः लिहायला बसली, डाव्या हातानं ओळी झाकून, परीक्षेत शेजारणीनं बघू नये म्हणून मुली झाकतात तसं. मी मान लांब केली तर म्हणाली, “स्पेलिंग चुकलं तर चुकलं. त्यांना कळतं माझं.”

त्याच टेबलावर मी माझं लिहिलं. अर्धं पान, वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर पाठवायला. मागच्या पत्रांवरची तिकिटं आधी वापरलेली होती, ती नीट न बघता मी लावली, जबाबदारी माझी आहे. सभेत मी ती दुसऱ्या व्यक्तीवर ढकलली, तेही चूक होतं. खाली नाव. आतापर्यंत लिहिलेल्या पत्रकांत हे सगळ्यात लहान होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. ‘दुसऱ्या व्यक्तीवर’ की ‘आईवर’, यावर मी किती वेळ अडले होते. शेवटी ‘आईवर’ लिहिलं.

आम्ही दोघी काउंटरवर गेलो. काउंटर बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते, मागच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या पगारातून मी बिनआकड्याची तिकिटं घेतली, आजच्या दरानं. आईनं तिच्यासाठी एकच घेतलं, स्वतःच्या पर्समधून. पत्रावर लावलं, इथल्या गोंदानं आपोआप चिकटलं, आणि ते काउंटरवरच्या मुलीसमोर सरकवून म्हणाली, “शिक्का मारा, प्लीज.”

“गरज नाही हो. यंत्रात होतो तो.”

“यंत्र विसरतं,” आई म्हणाली. “तुम्ही मारा.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिनं खण उघडून शोधाशोध केली, एक जुना हातशिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा ठोकला कारण शाई वाळली होती, आणि तिकिटाच्या कोपऱ्यावर मारला. आई वाकून बघत होती. “माझ्या मुलीच्या सगळ्या पत्रांवर पण,” ती म्हणाली. आमच्या मागे रांग होती. मुलीनं एकेक पाकीट ठोकलं.

काउंटर बंद झाला. माझ्या दुसऱ्या पत्रकाला थोडी उत्तरं आली. हाफ पँटवाल्या आजोबांनी दोन ओळी लिहिल्या, की असं पत्रक त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि ते त्यांच्या संग्रहात ठेवलंय. मला ते वाचून बरं वाटायला हवं होतं. पुढच्या मोहिमेत मी अजून आहे, दुसऱ्या उपनगरातला असाच काउंटर जातोय. पण आता बोलताना तिकीट उंच धरत नाही.

मोठ्या बाईंचं उत्तर यायला वेळ लागला. आता पोस्टमन रोज येत नाही. एका दुपारी पेटीत निळसर पाकीट होतं, वर थरथरतं, वळणदार अक्षर, आणि पक्ष्याचं बिनआकड्याचं तिकीट. मी ते आईच्या हातात दिलं. तिनं आधी तिकीट बघितलं. त्यावर शिक्का नव्हता. यंत्र पुन्हा विसरलं होतं.

तिनं फ्रिजवरचं बॉलपेन घेतलं आणि तिकिटावर एक तिरकी रेघ ओढली. मग तिच्यावरून दुसरी, दाबून, कागदाला वळ पडेल इतकी. मगच पाकीट फोडलं.

ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. मी पाठमोरी भांडी पुसत होते. मला वाटलं, आत्ता म्हणावं. पत्रकात लिहिलं होतं, लोकांना सांगून झालं होतं, तिला समोरासमोर सांगणं तेवढं राहिलं होतं.

“आई, त्या दिवशी हॉलमध्ये मी जे...”

“त्या दिवशी सगळ्यांचा चहा गार झाला,” ती पत्रातून मान न काढता म्हणाली. “एवढी आलं-वेलची घातली होती.”

मी फडकं पिळलं. मग तिनं पत्राची घडी केली, ते एप्रनच्या खिशात ठेवलं आणि डब्यांच्या फडताळाकडे वळली.

“काय लिहिलंय त्यांनी?”

“तिकिटं साठलीयेत म्हणतात. दुसऱ्या बाईला कडा नीट कातरता येत नाहीत.” आई मैद्याचा डबा खाली काढत होती. “तूप आहे का बघ. आणि ये इकडे, शंकरपाळे लाटू लाग. गुरुवारी लवकर निघायचंय.”